प्रोस्टेट प्रकल्प : नोंदवही

१४ जानेवारी २०२५
जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात नोकरी झाली, त्यामुळे कुठलंही मोठं काम निघालं की मला आधी वही लागते. ही त्याच सवयीची वही.
ह्यांचं पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची तपासणी) ९.२ आलं. लॅबच्या कागदावर ४ पर्यंत ठीक असं छापलंय. वय ६६, रात्री तीन-चारदा उठणं आणि लघवीची बारीक धार या तक्रारी दोन वर्षांपासून आहेतच.
साताऱ्यातल्या युरॉलॉजिस्टनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा. ग्रंथी लहान करणारी फिनास्टेराईड किंवा ड्युटास्टेराईड चालू असेल तर पीएसए निम्मं दिसतं, मग आलेला आकडा दुप्पट धरावा लागतो. ह्यांना फक्त धार मोकळी करणारी टॅमसुलोसिन आहे, म्हणजे ९.२ हे ९.२ च. दुसरं म्हणाले, संसर्गाने आणि नुसत्या वाढलेल्या ग्रंथीनेही पीएसए चढतं, तेव्हा एका आकड्यावर कॅन्सर म्हणायचा नाही.
पुढचं काम: लघवीचं कल्चर, सहा आठवड्यांनी पुन्हा पीएसए.

२७ फेब्रुवारी
दुसरं पीएसए ८.९. कल्चरमध्ये काही नाही.
आधी एमआरआय आणि मग बायोप्सी (सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं), असा क्रम ठरला. बायोप्सीत रक्त साकळतं आणि नंतर काढलेला एमआरआय गढूळ येतो. शिवाय एमआरआयमध्ये संशयाची जागा दिसली तर सुई नेमकी तिथे नेता येते. शेजारच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची थेट बायोप्सी झाली होती, म्हणून हे लिहून ठेवतेय.

६ मार्च
पुण्यात एमआरआय. ग्रंथी ६२ सीसी, डाव्या बाजूला एक डाग, पायरॅड्स ४. ही श्रेणी १ ते ५ अशी असते. ४ म्हणजे संशय बराच, पण निदान नाही. ते सुईनेच होणार.

२० मार्च
बायोप्सी. पूर्वी गुदद्वारातून सुई घालत, आता अंडकोशामागच्या त्वचेतून घातली. आतड्यातून जावं लागत नाही, त्यामुळे संसर्गाचा धोका कमी. ह्यांना मधुमेह आहे, म्हणून मी हे मुद्दाम विचारून घेतलं होतं. आठवडाभर लघवीत रक्त, वीर्यात त्याहून जास्त दिवस, हे आधीच सांगितल्यामुळे घाबरलो नाही.

२८ मार्च
रिपोर्ट: ग्लीसन ३+४ = ७, ग्रेड ग्रुप २ (गट १ ते ५). कॅन्सर आहे.
डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी किती विस्कटली आहे ते बघून गुण द्यायचे, सगळ्यात जास्त दिसणाऱ्या नमुन्याचा पहिला आकडा आणि त्यानंतरच्याचा दुसरा. त्यामुळे ३+४ आणि ४+३ दोन्हींची बेरीज ७ असली तरी रोग सारखा नाही. दुसरा जास्त आक्रमक, तो ग्रेड ग्रुप ३. ३+३ = ६ हा सगळ्यात सौम्य. "कॅन्सर १० पैकी ७" असं म्हणून रडत बसलेली माणसं मी रुग्णालयातल्या बाकावर पाहिली. हा आकडा तसा वाचायचा नसतो, हे कुणीतरी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.
रिपोर्ट घेऊन पुण्यात आणखी एका रुग्णालयात गेलो. तिथे फाईल उघडायच्या आधी काउंटरवर अंदाजपत्रक मिळालं आणि "या आठवड्याची तारीख मोकळी आहे, डिपॉझिट भरून टाका" असं सांगण्यात आलं. ह्यांनी खिशातून कार्ड काढलंसुद्धा. मी ते परत ठेवायला लावलं.
आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हा मध्यम धोक्याचा आणि त्यातही बऱ्या बाजूचा आजार आहे. विचार करायला काही आठवडे घेतल्याने काही बिघडत नाही, आणि बायोप्सीनंतर सूज उतरायला सहा-आठ आठवडे द्यावे लागतातच. हे वाक्य वहीत लाल शाईने लिहिलंय.

३ एप्रिल
मुलगी आली होती. तिने ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीचे निकाल वाचून दाखवले. १९९९ ते २००९ या काळात निदान झालेल्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठी टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं: नुसती देखरेख, शस्त्रक्रिया, रेडिएशन. १५ वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. या कॅन्सरने झालेले मृत्यू देखरेखीत ३.१ टक्के, शस्त्रक्रियेत २.२, रेडिएशनमध्ये २.९. म्हणजे जवळजवळ सारखे, आणि तिन्हीकडे कमी. फरक पसरण्यात होता: देखरेखीच्या गटात ९.४ टक्के लोकांचा आजार दूरवर गेला, बाकी दोन्हीकडे ५ च्या आसपास. देखरेखीवर ठेवलेल्यांपैकी साधारण ६१ टक्के लोकांनी पुढे कधी ना कधी उपचार घेतलेच.
ह्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "म्हणजे मी काहीही निवडलं तरी जगेन?"
मुलगी म्हणाली, "बाबा, जगण्यावर फार फरक पडत नाही. कसं जगणार त्यावर पडतो."
त्याच लोकांनी दिलेली उत्तरंही आहेत. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. रेडिएशनच्या गटात हे प्रमाण अनुक्रमे ५ आणि ४. संबंधाला पुरेल इतका ताठरपणा सुरुवातीला ६७ टक्के लोकांना होता. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्के, रेडिएशनच्या गटात २२, देखरेखीत ५२. सहा वर्षांनी १७, २७ आणि ३०. रेडिएशनच्या बाजूला शौचाच्या तक्रारी जास्त, कधी रक्तही.
एक गोष्ट लक्षात ठेवून हे वाचायचं. ते जवळजवळ सगळे गोरे होते आणि तपासणीत लवकर सापडलेले होते. आपल्याकडे पाठदुखीसाठी एक्स-रे काढावा आणि कॅन्सर हाडात पोचलेला निघावा, असे कितीतरी असतात. त्यांच्यापुढे हे तीन रस्ते नसतातच. त्यांना पुरुषी हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं, किंवा खर्च झेपत नसेल तर अंडकोश काढण्याची छोटी शस्त्रक्रिया.

१५ एप्रिल
दुसरं मत घ्यायला परळला, टाटा रुग्णालयात. पहाटे निघालो, दिवस रांगेत गेला, पण तक्रार नाही. शस्त्रक्रियेचे आणि रेडिएशनचे डॉक्टर वेगवेगळे भेटले, आणि मला आमच्याकडे याचीच उणीव वाटत होती. सर्जनला विचारलं तर तो शस्त्रक्रिया सांगणार, रेडिएशनवाल्याला विचारलं तर तो रेडिएशन. दोघांचं ऐकल्याशिवाय निर्णय घेऊच नये.
रेडिएशनच्या डॉक्टरांनी सांगितलं: सोमवार ते शुक्रवार अशा २० बैठका, चार आठवडे, एकूण ६० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक). काही जणांना पाच मोठ्या मात्रांतही देता येतं. ह्यांच्या पातळीच्या आजाराला हार्मोनची इंजेक्शनं बहुधा लागणार नाहीत. मग त्यांनी लघवीच्या तक्रारींचा सात प्रश्नांचा तक्ता भरून घेतला. ३५ पैकी २१ आले, म्हणजे तीव्र. ग्रंथी मोठी, धार आधीच अडलेली, त्यात रेडिएशनची सूज आली तर लघवी तुंबू शकते. "देता येईल, पण आधी वाट मोकळी करावी लागेल," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्यांनीच पुढे जोडलं की शस्त्रक्रियेनंतर गरज पडली तर रेडिएशन देता येतं, पण रेडिएशननंतर शस्त्रक्रिया फार अवघड जाते.
बाकावर सोलापूरकडचे एक शेतकरी भेटले, वय सत्तरच्या पुढे. त्यांचं रेडिएशन चालू आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नवरा-बायको राहतात. रोज ठरल्या वेळी पाणी पिऊन मूत्राशय भरलेलं ठेवायचं, पोट साफ हवं, तरच मशीनखाली घेतात. नाहीतर थांबवतात. "दुखत नाही काही, फक्त जळजळ आन् थकवा," म्हणाले. हृदयाची तक्रार असल्यामुळे त्यांना भूल नको होती, म्हणून त्यांच्यासाठी हाच रस्ता योग्य. खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून. त्यांच्या पत्नीकडून कळलं की कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासात रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टियर एसीला पूर्ण सवलत असते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं.

२२ एप्रिल
रात्री जेवणानंतर बोललो. इतक्या वर्षांच्या संसारात या विषयावर असं समोरासमोर पहिल्यांदाच.
"अगं, मला मरणाची भीती नाही. कुणाच्या लग्नात उभा आहे आणि पँट ओली झाली तर?"
"अहो, मग आपण लवकर निघू लग्नातून. आणि आत्ता रात्री चार वेळा उठता, ते बरं आहे का?"
मग बराच वेळ गप्प बसले. दुसरी गोष्ट त्यांच्याच्याने विचारवेना. मी म्हटलं, "त्या बाबतीत माझ्याकडून कसलंच दडपण धरू नका. पण मला काही वाटत नाही असंही समजू नका. पुन्हा कसं जमेल ते दोघांनी मिळून बघू."
डॉक्टरांनी हा भाग ह्यांना एकट्याला सांगितला होता, मला औषधं आणायला पाठवून. पुढच्या भेटीत मी खुर्ची सोडली नाही. बायको समोर असेल तर पुरुष बोलायचा नाही, असं धरून चालतात. ह्यांनी माझ्यासमोरच सगळं विचारलं.

२ मे
निर्णय: शस्त्रक्रिया. कारणं त्यांच्याच शब्दांत उतरवली: धार मोकळी होईल, काढलेली ग्रंथी तपासून आजार नेमका कळेल, आणि नंतर रेडिएशनचा मार्ग हातात राहील. देखरेखीचाही विचार केला होता. पण ४ चा नमुना अगदी थोडा नव्हता आणि पीएसए ९ च्या घरात, म्हणून डॉक्टर त्याला फारसे राजी नव्हते.
रोबोट की उघडी शस्त्रक्रिया? फरक दीड लाखाच्या वर, आणि आमच्या पॉलिसीत रोबोटला मर्यादा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला दोन्हींची तुलना झाली होती. दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत विशेष फरक दिसला नाही. रोबोटने रक्त कमी जातं, रुग्णालयातून लवकर सुटका होते. मुलगी रोबोटसाठी आग्रही होती. मी सर्जनला एवढंच विचारलं की या शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता आणि कोणत्या पद्धतीने जास्त. ते रोबोटनेच करतात, भरपूर करतात, म्हणून रोबोट. हात सरावलेला असणं महत्त्वाचं, यंत्र नंतर.
ताठरपणाच्या नसा ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना चिकटून जातात. १९८२ मध्ये बाल्टिमोरच्या पॅट्रिक वॉल्श यांनी त्या वाचवून शस्त्रक्रिया करून दाखवली. त्याआधी हे ऑपरेशन म्हणजे ती क्षमता गेलीच असं समजत. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवीकडची नस पूर्ण वाचवू, डावीकडे डाग आहे तिथे जेवढी सुरक्षित तेवढीच.

१२ मे
तयारी. साखर आटोक्यात, रोज चार भिंती स्मारकापर्यंत चालणं, फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढणं.
फिजिओथेरपिस्टकडे हे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकले. हा ऑपरेशनच्या आधी शिकायचा, नंतर नाही. नंतर दुखतं, स्नायू सापडत नाही. वायू अडवतो तसं आवळायचं, पोट, मांड्या, कुल्ले सैल, श्वास चालू. काही सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं.

५ जून
शस्त्रक्रिया झाली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, ठरल्याप्रमाणे झालं. संध्याकाळी अर्धवट झोपेत ह्यांनी विचारलं, "कॅथेटर आहे का?" लघवीची ती नळी आहे.

८ जून
घरी. दुसऱ्याच दिवशी चालवलं होतं. रुग्णालयाच्या सूचना मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवल्या, कारण डिस्चार्ज कार्डावरचं अक्षर कुणाला लागत नाही:
पिशवी कायम कमरेच्या खाली. नळीला पीळ नको. पाणी भरपूर. शौचाला जोर करायचा नाही, रात्री इसबगोल. जोर केला की नळीच्या कडेने थोडं रक्त येतं, त्याला घाबरायचं नाही. पण लघवी थांबली, रक्ताच्या गाठी आल्या, ताप आला किंवा पोटरी सुजली, तर लगेच फोन. जड उचलणं आणि स्कूटर बंद.
मूत्राशयाला पेटके येतात तेव्हा चेहरा पांढराफटक पडतो. त्यावर गोळी मिळते, मागून घ्यावी लागली.

१६ जून
कॅथेटर काढला. नळी निघताच पाणी वाहिलं, थांबेचना. डॉक्टर म्हणाले, अपेक्षित आहे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पिशवीत पँटसारखे डायपर नेले होते म्हणून घरापर्यंत आलो.
पॅथॉलॉजीचा रिपोर्टही आजच मिळाला: आजार ग्रंथीच्या आतच, कडा मोकळ्या, ग्लीसन तोच ३+४. पाच महिने ज्यासाठी जीव टांगणीला होता ते हे वाक्य, आणि ह्यांना त्याचा आनंद झाला नाही. डायपरकडे बघत होते. मी रागावले नाही. त्या दिवशी त्या माणसाला तेच मोठं होतं.

२८ जून
माउलींची पालखी या आठवड्यात लोणंदवरून पुढे गेली. दरवर्षी हे आगारातल्या मित्रांबरोबर सेवेला जातात. यंदा नाही. फोन आले तर "तब्येत बरी नाही" एवढंच. कॅन्सर हा शब्द उच्चारतात, पण गळती सांगत नाहीत. तीन दिवस व्यायाम केला नाही, चहा घेतला नाही, पाणीही कमी. पाणी कमी केलं की लघवी तीव्र होते, मूत्राशय चिडतं आणि गळती वाढते, हे कपाटावरच्या कागदात जोडलं.

३० जून
किचनमधला वजनकाटा आता ह्या कामाला, स्वयंपाकाला नवीन आणला. कोरं पॅड आणि वापरलेलं पॅड यांच्या वजनातला फरक म्हणजे गळती, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. चोवीस तासांची बेरीज आज ३८० ग्रॅम.
कल्पना फिजिओथेरपिस्टची. मनाला वाटतं काहीच सुधारत नाही, आकड्याला कळतं.

१४ जुलै
२१० ग्रॅम. रात्री कोरडे. आडवं झाल्यावर गळत नाही, हे सगळ्यात आधी सुधारतं असं सांगितलं होतं, तसंच झालं. संध्याकाळी वाढतं, स्नायू दमलेले असतात. खुर्चीतून उठायच्या आधी, खोकायच्या आधी आवळायचं आणि मग हालचाल, ही युक्ती जमायला लागली.

२१ जुलै
ऑपरेशननंतरचं पहिलं पीएसए ०.०१ पेक्षा कमी. ग्रंथीच नाही, तर पीएसए जवळजवळ शून्य हवं. पुढे ०.२ च्या वर जाऊन पुन्हा तेच आलं तर आजार परतला असं धरतात. रेडिएशन घेतलेल्यांचा हिशेब वेगळा: त्यांचं पीएसए सावकाश उतरतं आणि सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा २ ने वाढलं तर काळजी. सोलापूरच्या काकांना हे फोनवर सांगितलं, ते आपला आकडा ह्यांच्याशी ताडून घाबरले होते.

१९ ऑगस्ट
६० ग्रॅम. एसटीने पुण्याला तपासणीला. स्टँडवर पुरुषांच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला डबाच नाही. रुग्णालयाच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहातही नव्हता. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून माझ्या पर्समध्ये आलं. तपासणीच्या वेळी मी रुग्णालयात लेखी अर्ज दिला, एक झाकणाचा डबा ठेवा म्हणून. इतकी वर्षं सरकारी अर्ज लिहिले, हा सगळ्यात मनापासून लिहिला.

२९ ऑगस्ट
गणपतीत आरतीला उभे राहिले, पूर्ण. पातळ पॅड होतं. नंतर प्रसाद वाटायलाही थांबले.

९ ऑक्टोबर
५ ग्रॅमच्या आत, काही दिवस काहीच नाही. वजनकाटा बंद. सुरक्षेसाठी एक पातळ पॅड चालू. पीएसए पुन्हा ०.०१ च्या खाली.
दुसऱ्या विषयाला हात घातला. डॉक्टरांनी ताठरपणासाठी ताडालाफिल ५ मिलीग्रॅम रोज दिलं. छातीसाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यांना हे अजिबात चालत नाही, रक्तदाब धोकादायक उतरतो. मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नये. नसा जागच्या जागी असल्या तरी दीड-दोन वर्षं लागू शकतात. गोळीने नाही जमलं तर व्हॅक्यूम पंप आणि मग इंजेक्शन असे मार्ग आहेत. वीर्य येणार नाही, पण सुखाची जाणीव उरते, हे डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं.
बाकीचं या वहीत लिहायचं नाही. एवढंच, की आम्ही पुन्हा एका खोलीत झोपतो. कॅथेटरच्या दिवसांपासून हे बाहेरच्या खोलीत झोपत होते.

४ डिसेंबर
धाकट्या दीरांना पीएसए करायला लावलं. सख्ख्या भावाला असेल तर धोका वाढतो. "मला काही त्रास नाही वहिनी," म्हणत टाळत होते. ह्यांनीच फोन हातात घेतला आणि गळतीपासून सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. दुसऱ्या दिवशी ते लॅबमध्ये गेले. १.८ आलं.
कोरेगावहून आगारातल्या एका सहकाऱ्याचाही फोन: ग्लीसन ३+३, आणि कुणीतरी लगेच ऑपरेशन सांगितलंय. ह्यांनी त्यांना मार्चमधलं लाल शाईचं वाक्य वाचून दाखवलं, रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटायला सांगितलं आणि देखरेखीबद्दल मुद्दाम विचारायला लावलं. सोमवारी ते सगळे रिपोर्ट घेऊन घरी येताहेत.
पुढचं काम: जानेवारीत पीएसए. डब्याच्या अर्जाचं उत्तर आलेलं नाही, स्मरणपत्र पाठवायचं.